उत्तर डकोटातल्या एका होमस्टेडर बाईची फाइल मिळवताना

मायनॉटला राहायला आल्यापासून मला एक कुतूहल होतं. इथून कॅनडाच्या सीमेपर्यंत पसरलेल्या या माळरानावर सव्वाशे वर्षांपूर्वी एकट्या बायका स्वतःच्या नावावर जमीन घेऊन राहिल्या, त्या कशा राहिल्या असतील? शेजारच्या आजींची आजी त्यांतलीच. नॉर्वेहून आलेली, बॉटिनो काउंटीत जमीन मिळवलेली. घरात एवढंच माहीत होतं, कागद एकही नव्हता. तो शोधायचं मी अंगावर घेतलं.

आधी कायदा वाचला. 1862 च्या होमस्टेड कायद्यानुसार 21 वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला सरकार 160 एकर जमीन देत असे. अविवाहित, विधवा, घटस्फोटित बाईही अर्ज करू शकत होती. नवऱ्याच्या घरात नांदणारी सहसा नाही. पाच वर्षं तिथंच राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि मग साक्षीपुराव्यानिशी दावा पक्का करायचा. तो पक्का झाला की पेटंट, म्हणजे मालकीचा कागद.

शोध सुरू होतो तो ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन खात्याच्या वेबसाइटवर, जुन्या पेटंटांच्या नोंदींत. माहेरच्या नावानं काहीच निघालं नाही. सासरचं आडनाव टाकलं आणि 1904 चं पेटंट समोर आलं. त्यावर ‘पूर्वीची अमुक’ म्हणून माहेरचं नावही होतं. अर्ज कुमारिकेनं केलेला, दावा पक्का होईतो लग्न झालेलं. बाईची नोंद शोधताना दोन्ही आडनावं लावून पाहाच.

पेटंटवर जमिनीचं वर्णन असतं, आपल्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखं. सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकरांचा आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे होमस्टेड. हे वर्णन, लँड ऑफिसचं नाव आणि अखेरच्या दाखल्याचा नंबर, एवढं घेऊन वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजकडे फी भरून फाइल मागवायची. 1 जुलै 1908 नंतरचं प्रकरण असेल तर नुसता पेटंट नंबर पुरतो. आमचं त्याआधीचं, म्हणून सगळंच द्यावं लागलं.

फाइल आली तेव्हा आजींच्या स्वयंपाकघरात बसून मी ती मोठ्यानं वाचली. अर्ज, वर्तमानपत्रात छापलेली जाहीर नोटीस, त्यात चार शेजाऱ्यांची नावं, त्यांतल्या दोघांच्या साक्षी आणि बाईचा स्वतःचा जबाब. छापील प्रश्न, हातानं लिहिलेली उत्तरं. घर कसं आहे? बारा बाय चौदा फुटांचं, फळ्यांचं, वर डांबरी कागद, एक दार, दोन खिडक्या. विहीर आहे का? आहे. कुटुंबात कोण? नवरा आणि एक मूल. जमीन सोडून कधी बाहेर होतात? हिवाळ्यात, गावात घरकामाला. बियाण्याला पैसे हवे होते. या उत्तरापाशी आजींनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. पाच वर्षांचं एवढं हलाखीचं जगणं, पण त्या कोरड्या उत्तरांत गाऱ्हाणं एकही नाही. खाली तिची सही, ठसठशीत.

तीच बाई थोडं वर, सीमेपलीकडे उतरली असती तर ही फाइल झालीच नसती. कॅनडात 1876 नंतर अविवाहित बाईला होमस्टेड मिळत नसे. कुटुंबाचा सगळा भार एकटीवर असलेल्या बाईलाच, म्हणजे बहुधा मुलंबाळं असलेल्या विधवेला, मिळे. जॉर्जिना बिनी-क्लार्क या इंग्रज बाईनं 1905 मध्ये सस्कॅचेवानमधल्या फोर्ट क्वापेलजवळ 320 एकर विकत घेतली आणि बायकांना होमस्टेडचा हक्क मिळावा म्हणून ती भांडत राहिली. 1930 मध्ये जमिनीचा कारभार प्रांतांकडे जाईपर्यंत तिथं नियम बदलला नाही.

आणि ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, हेही सांगायलाच हवं. ती टर्टल माउंटनच्या चिपेवा या मूळनिवासी लोकांची. 1892 च्या करारात अमेरिकन सरकारनं सुमारे एक कोटी एकरांवरचा त्यांचा हक्क दहा लाख डॉलरला, म्हणजे एकरी दहा सेंटला, सोडवून घेतला. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, त्याला मंजुरी दिली ती 1904 मध्ये. आजींच्या आजीच्या पेटंटवरही तेच साल आहे. हे मी आजींना सांगितलं. त्यांनी तो करार वाचायला मागून घेतला.

दोन साक्षीदारांपैकी एक शेजारीण होती, तीही एकटी होमस्टेडर. तिचं पेटंट वेबसाइटवर नाही, कारण दावा अर्ध्यात सोडलेल्यांची नावं तिथं येतच नाहीत. ती लँड ऑफिसच्या ट्रॅक्ट बुकांत, म्हणजे जमिनीच्या नोंदवह्यांत असतात, आणि त्यांची स्कॅन केलेली पानं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर पाहता येतात. तिथं तिच्या नोंदीपुढं ‘रद्द’ लिहिलेलं सापडलं. रद्द झालेल्या दाव्यांच्या फायलीही नॅशनल आर्काइव्हजमध्ये ठेवलेल्या असतात. आता तिची मागवली आहे.