तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या सिनेमातल्या मुंग्या

घरी पाहुणे आले आणि मी एखाद्या जुन्या चित्रपटाची ब्लू-रे लावली, की पाच-दहा मिनिटांत विचारणा होतेच. “एवढा भारी टीव्ही, आणि चित्रात मुंग्या कशा?” मावशीने विचारलंय, शेजारच्या काकांनी विचारलंय. जुने चित्रपट डिजिटल करून साफ करणं हेच माझं काम आहे, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “मग या मुंग्या तू काढत का नाहीस?”

मुंग्या हा शब्द अँटेनाच्या दिवसांतला. एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा, दुसरा खिडकीतून ओरडायचा, “आलं, आलं... गेलं!” त्या मुंग्या वाटेत सिग्नलला चिकटून येत. चित्र वेगळं, मुंग्या वेगळ्या. त्या गेल्या की चित्र स्वच्छ. तेव्हापासून पडद्यावर काही वळवळलं की तो दोष, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे.

जुन्या सिनेमात दिसतात त्या मुंग्या म्हणजे फिल्मचे दाणे, आणि त्यांचं तसं नाही. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक विखुरलेले असतात. उजेड पडलेल्या स्फटिकांची डेव्हलपिंगमध्ये चांदी होते. कृष्णधवल चित्रपटातला चेहरा म्हणजे या चांदीचे कण, दुसरं काही नाही. रंगीत फिल्ममध्ये ही चांदी शेवटी धुऊन काढतात आणि तिच्या जागी रंगाचे सूक्ष्म ठिपके उरतात. नाक, डोळे, पदराचा काठ, सगळं त्यांचंच. दाणे काढा म्हणणं म्हणजे रांगोळी राहू द्या, फक्त पूड उचला, असं म्हणणं.

पटत नसेल तर चेहऱ्याच्या एखाद्या क्लोज-अपवर पॉज दाबा. चित्र एकदम खरखरीत दिसेल. पुन्हा सुरू करा, ती खरखर विरघळते. सेकंदाला २४ फ्रेम्स जातात आणि प्रत्येकीत दाण्यांची मांडणी निराळी असते. डोळा त्या एकात एक मिसळून घेतो. म्हणूनच एकाच फ्रेममध्ये धड न दिसणारी भुवईतली केसांची रेघ चालत्या चित्रात दिसते. मला हे इतक्या वर्षांनंतरही विलक्षण वाटतं.

आता ‘सफाई’. नॉइज रिडक्शनचं, म्हणजे खरखर काढणारं सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या फ्रेम्स ताडून बघतं. जे जागेवर राहिलं ते चित्र, जे बदललं ते नॉइज, असा त्याचा हिशेब. कोऱ्या भिंतीवर तो जमतो. पण माणूस मान वळवतो, पाणी हलतं, धूर चढतो, तिथे हिशेब चुकतो. शिवाय एकाच फ्रेममध्ये आजूबाजूचे ठिपके सरासरीने सपाट केले, तर त्वचेची छिद्रं आणि दाणे यांतला फरक त्याला कळत नाही. दोन्ही जातात.

काही वर्षांपूर्वी एका गावाकडच्या गोष्टीचा चित्रपट माझ्याकडे होता. चुलीपुढे घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा, चार दिवसांची दाढी, डाव्या बाजूने जाळाचा उजेड. स्कॅनमध्ये घोंगडीचा एकेक धागा मोजता येत होता. ज्यांनी काम दिलं होतं त्यांचा निरोप आला, “दाणे नकोत, नवा वाटला पाहिजे.” मी अडीच तास फोनवर भांडलो, आणि शेवटी केलं. घोंगडीचा काळा डाग झाला. दाढीच्या जागी राखाडी लेप आला. चुलीचा धूर मागे पुसट सावली सोडत सरकू लागला. मग चित्र बोथट झालं म्हणून शार्पनिंग लावायला सांगितलं, आणि म्हाताऱ्याच्या डोक्याभोवती पांढरी कड उमटली. तेच बाजारात गेलं.

नुसत्या हौसेपोटी असं होत नाही, हेही सांगायला हवं. व्हिडिओ दाबून लहान करताना आधीच्या फ्रेमवरून पुढची ओळखायची असते, आणि दाण्यांचा तर काहीच अंदाज बांधता येत नाही. त्यांना जागा लागते. डीव्हीडीवर चित्राला सेकंदाला फार तर ९.८ मेगाबिट मिळत, ब्लू-रेवर ४० पर्यंत मिळतात. स्ट्रीमिंगवर बहुतेकदा त्याहून पुष्कळ कमी, आणि तिथे दाण्यांचे चौकोन होतात. त्यासाठी व्हिडिओ दाबण्याच्या एव्ही१ या पद्धतीत दाणे आधी काढून घेता येतात, त्यांचं फक्त वर्णन पाठवतात आणि तुमच्या टीव्हीवर तसे नवे दाणे पेरतात. ते मूळचे नव्हेत, तरी मेणाच्या चेहऱ्यांपेक्षा मला ते पत्करतं.

धूळ, ओरखडे, बुरशी, चित्राची लुकलुक हे सगळं मी काढतोच. ते चित्रीकरणाच्या दिवशी नव्हतं. तरी यंत्रावर सोडून चालत नाही. पावसाचा थेंब एकाच फ्रेमपुरता एका जागी असतो, आणि यंत्राला तो धुळीचा कण वाटतो. डोळ्यांत तेल घालून बघितलं नाही तर अख्खा पाऊस विरळ होतो.

तुमच्या हातात असलेलं एक काम. टीव्हीच्या सेटिंगमध्ये नॉइज रिडक्शन बंद करा, शार्पनेस पार खाली आणा. बऱ्याच नव्या टीव्हींवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो लावला की हे आपोआप होतं.

झालेली चूक सुधारता येते. ‘पॅटन’ हा १९७०चा चित्रपट, तोही ६५ एमएमच्या प्रशस्त निगेटिव्हवर घेतलेला, म्हणजे दाणा मुळातच बारीक. त्याची २००८ची ब्लू-रे घासूनपुसून गुळगुळीत केली होती. पुढे २०१२मध्ये नवी काढली, तिच्यात दाणा परत आला, आणि त्याच्याबरोबर गणवेशाचं कापडही.

त्या म्हाताऱ्याचा मूळ स्कॅन टेपवर शाबूत आहे, हात न लावलेला. धूळ आणि ओरखडे काढलेली, पण दाणे राखलेली प्रतही त्याच टेपवर मी ठेवली आहे. कुणी मागितली, तर घोंगडी आठवड्याभरात परत देता येईल.