तुम्ही विचारलंत म्हणून: मायक्रोस्कोपला हाय पॉवर लावली की दिसत असलेलं जातं कुठे?

"बेन, जतुं रह्युं!" म्हणजे "बाई, गेलं!" बडोद्याच्या कॉलेजात बॉटनीची प्रॅक्टिकल्स घेताना ही आरोळी इतकी वर्षं ऐकली की आता स्वप्नातही येते. निवृत्त झाले तरी सुटका नाही. दांडिया बाजारातली शेजारची मुलं तेच मराठीत विचारतात, "काकू, लो पॉवरवर मस्त दिसत होतं, हाय पॉवर लावली आणि गेलं. असं का?"

जात कुठेच नाही रे. सूरसागरच्या काठावर उभं राहिलं की अख्खा तलाव दिसतो, मधली महादेवाची मूर्तीही दिसते. आता डोळ्याला बारीक नळी लाव. नळी महादेवांकडे रोखलेली असेल तर जटा दिसेल, नाहीतर नुसतं पाणी. मायक्रोस्कोपचं तसंच आहे. आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) दहा पटींचा धरला, तर चार पटींच्या ऑब्जेक्टिव्हखाली (स्लाइडजवळचं भिंग), म्हणजे लो पॉवरवर, साधारण साडेचार मिलिमीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं. चाळीसच्या खाली, म्हणजे हाय पॉवरवर, जेमतेम 0.45 मिलिमीटरचं. रुंदी दहा पट घटली म्हणजे क्षेत्रफळ शंभर पट घटलं. कांद्याच्या पापुद्र्यातली एक पेशीच पाव मिलिमीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे हाय पॉवरवर लांबीच्या दिशेने एक-दोन पेशींतच वर्तुळ भरतं. हवी ती पेशी लो पॉवरवर कडेला असेल, तर पुढे ती वर्तुळाबाहेरच जाणार.

म्हणून आधी ती मधोमध आणायची. इथे मुलं हमखास चुकतात, कारण प्रतिमा उलटी असते: स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. हात दोन दिवसांत शिकतो, डोक्याला वेळ लागतो.

मग चारवरून दहा, तिथे पुन्हा मध्य आणि फोकस, आणि मगच चाळीस. नोजपीस, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह बसवलेली फिरती चकती, फिरवताना डोळा आयपीसवरून काढायचा आणि बाजूने, स्टेजच्या (स्लाइड ठेवायच्या पाटाच्या) उंचीला वाकून बघायचं. चाळीसचं भिंग कव्हरस्लिपच्या (स्लाइडवरच्या पातळ काचेच्या) इतकं जवळ येतं की मध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर उरतो. 'टक्' असा आवाज आला की बसलं. ऑब्जेक्टिव्हलाच धरून फिरवणाऱ्यांवर मी अजून ओरडते. धरायची ती नोजपीसची कडा.

आता कोर्स स्क्रूला, म्हणजे फोकसच्या मोठ्या स्क्रूला, हात लावायचा नाही. भिंगांच्या लांब्या अशा जुळवलेल्या असतात की दहावर फोकस झालेलं चाळीसवर जवळजवळ फोकसमध्येच असतं; बारीक फोकसचा फाइन स्क्रू थोडा मागेपुढे केला की पुरे. चित्र काळवंडलं तर घाबरू नका, उजेड कमी पडतोय. कंडेन्सर (स्टेजखालचं उजेड गोळा करणारं भिंग) वर घ्या, डायफ्रॅम (उजेड कमीजास्त करणारी झडप) थोडा उघडा. लो पॉवरवर मात्र तोच डायफ्रॅम थोडा मिटलेला बरा, नाहीतर बिनरंगाच्या पेशी उजेडात विरघळून जातात.

हे सगळं केलं तरी दिसत नाही, असाही एक प्रकार आहे. तो मला शिकवला आमच्या लॅबमधल्या शिपाईकाकांनी. मी नवीन होते, परीक्षेचा दिवस, कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या पातळ कापाची पर्मनंट (कायमची तयार करून ठेवलेली) स्लाइड, तिचं लेबल कधीच गळून पडलेलं. दहावर विभाजन होणाऱ्या पेशी छान दिसत होत्या. चाळीसवर नुसतं धुकं. फाइन स्क्रू फिरवून फिरवून संपला, भिंग काचेला टेकलं, बाहेर मुलं ताटकळलेली. काकांनी चहाचे कप ठेवले, एकदा बाजूने बघितलं आणि म्हणाले, "बेन, ऊंधी छे." उंधियूतला 'उंधा' तोच: उलटा. स्लाइडची काच साधारण एक मिलिमीटर जाड. ती पालथी पडली की कापाच्या वर कव्हरस्लिपऐवजी ती जाड काच येते. दहाच्या भिंगाला अंतर भरपूर, त्याला चालतं. चाळीसच्या भिंगाला मधला अर्धा मिलिमीटरच ठाऊक. ते कापापर्यंत पोचतच नाही.

तेव्हापासून कोणी "दिसत नाही" म्हटलं की मी आयपीसला डोळा लावायच्या आधी स्लाइडवरून नख फिरवते. कव्हरस्लिपची कड नखाला अडली, तर स्लाइड सुलटी.