१०८० वरून १४४० ला आलो, कार्ड तेच: उन्हाळ्यापर्यंतची नोंद

मंडळी, मॉनिटर आला एकदाचा. २७ इंची, १४४०पी (म्हणजे २५६०×१४४० पिक्सेल, जुना १०८०पी म्हणजे १९२०×१०८०), १६५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलू शकतो. मामेभावानं पुण्याहून सोलापूरला संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं आणला, एवढं मोठं खोकं सांभाळत आणला म्हणून त्याचे आभार मानावे तेवढे कमीच. ग्राफिक्स कार्ड मात्र तेच आहे, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० बारा जीबी, प्रोसेसर रायझन ५ ५६००, आणि ते इतक्यात बदलायचा विचार नाही. त्यामुळं ह्या वेळची सगळी नोंद एकाच प्रश्नावर आहे, की कार्ड तेच ठेवून रिझोल्यूशन वाढवलं तर जे जातं ते परवडतं का आणि त्याच्या बदल्यात डोळ्याला नेमकं काय मिळतं.

मॉनिटर घ्यायच्या आधी एक काम केलं होतं ते पहिलं सांगतो, कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये डीएसआर म्हणून सोय आहे, २०१४ पासून आहे, त्यात १.७८एक्स वर टिक केली की १०८०पीच्या साध्या मॉनिटरवर सुद्धा गेमच्या मेनूत २५६०×१४४० दिसायला लागतं, ४एक्स वर केली तर ४के (३८४०×२१६०). चित्र शेवटी लहान करून १०८० मध्येच दाखवतं पण कार्डाला काम पूर्ण १४४० चं करावं लागतं, म्हणजे एक रुपया न घालवता कळतं की आपल्या गेममध्ये आपल्या सेटिंगवर किती फ्रेम जाणार. एएमडीवाल्यांना व्हीएसआर आहे, तेच काम. हे केल्याशिवाय कुणी मॉनिटर घेऊ नका, मनापासून सांगतो.

आता हिशोब. १०८०पी म्हणजे २० लाख ७३ हजार पिक्सेल. १४४०पी म्हणजे ३६ लाख ८६ हजार, ७८ टक्के जास्त. ४के म्हणजे ८२ लाख ९४ हजार, १०८० च्या बरोबर चौपट. हे बघून वाटतं की १४४० ला एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) जवळपास निम्मे होणार, पण तसं होत नाही, कारण फ्रेम बनवताना सगळंच काम पिक्सेलबरोबर वाढत नाही. प्रोसेसर जे करतो, म्हणजे फिजिक्स, पात्रांची हालचाल, कुठली वस्तू काढायची त्याच्या ऑर्डरी कार्डाला देणं, ते रिझोल्यूशन काहीही ठेवा तेवढंच राहतं. मॉडेलचे त्रिकोण जागेवर बसवायचं काम पण साधारण तेवढंच. वाढतं ते एकेका पिक्सेलचा रंग, प्रकाश, रिफ्लेक्शन काढायचं काम, आणि मेमरीतून होणारी ने-आण. मग ज्या गेममध्ये हे काम जड तिथं फटका जोरात बसतो आणि जिथं हलकं तिथं कळत पण नाही.

मी आता एफपीएस ऐवजी एक फ्रेम बनायला किती वेळ लागतो ते मिलिसेकंदात लिहायला लागलोय, कारण ९० चे ७५ झाले आणि ६० चे ४५ झाले हे ऐकायला दोन्ही पंधराच, पण पहिल्यात एका फ्रेममागं सव्वादोन मिलिसेकंद वाढले आणि दुसऱ्यात साडेपाच. सायबरपंक २०७७ मध्ये हाय सेटिंग, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा जड हिशोब) बंद, १०८० ला साधारण ६५ मिळायचे म्हणजे पंधरा मिलिसेकंदाच्या थोडं वर, १४४० ला ४२ च्या आसपास म्हणजे चोवीसच्या घरात. आठ-साडेआठ मिलिसेकंद गेले, हे लई आहेत. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये माझ्या सेटिंगवर तेरा मिलिसेकंदाचे सतरा झाले. आणि व्हॅलोरंटमध्ये काही म्हणजे काही झालं नाही, तिथं प्रोसेसरच आधी थकतो आणि कार्ड नुसतं वाट बघत असतं, त्याला अजून पिक्सेल दिले तर ते बसल्या जागी करून देतं. त्यामुळं कुणी विचारलं की १४४० ला किती फ्रेम जातात तर मी उलट विचारतो की गेम कुठला आणि आत्ता तुझं कार्ड किती टक्के चालायलंय. अठ्ठ्याण्णव टक्के दिसत असेल तर पूर्ण किंमत मोजावी लागणार, साठ दिसत असेल तर बरंचसं फुकट.

आता मिळालं काय. २४ इंचावर १०८०पी म्हणजे इंचाला ९२ पिक्सेल. तेच १०८०पी २७ इंचावर घेतलं तर ८२. आपल्या सोलापूरच्या माणसाला हे पटकन कळेल, चादरीचा पन्हा वाढवला आणि धागे तेवढेच ठेवले तर वीण विरळच होणार की. २७ इंचावर १४४०पी घेतलं की १०९, आणि ३२ इंचावर तेच १४४०पी घेतलं तर परत ९२, म्हणजे २४ इंची १०८० एवढंच. दुकानात नुसतं रिझोल्यूशन सांगून मोठी साईज गळ्यात मारतात तेव्हा हा आकडा काढून बघा. चांगल्या नजरेचा माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखतो असं धरतात, तो हिशोब ६० सेंटिमीटर अंतरावर लावला तर इंचाला १४५ च्या आसपास येतो. टेबलावर बसून खेळणाऱ्याला ९२ वरून १०९ चा फरक दिसणारच, आणि २७ इंची ४के चे १६३ म्हणजे त्या रेषेच्या पलीकडं गेले, तिथं शेवटचे काही पिक्सेल डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत. (तिरप्या रेषेच्या पायऱ्या मात्र त्यापेक्षा बारीक असल्या तरी जाणवतात, त्यामुळं ही रेषा काही पक्की भिंत नाही.) आणि हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीवर दोन मीटर लांबून खेळत असाल तर ह्याच हिशोबानं १०८०पी सुद्धा पुरतं, तिथं कन्सोलवर परफॉर्मन्स मोड लावा आणि निवांत खेळा.

रेड डेड मध्ये फरक सगळ्यात जास्त दिसला. त्याचं टीएए (कडांच्या पायऱ्या गुळगुळीत करायची पद्धत) १०८० ला झाडाची पानं, घोड्याची आयाळ, लांबचं गवत सगळं पुसल्यासारखं करतं, मी इतके दिवस समजत होतो गेमच तसा आहे. १४४० ला तीच पानं सुटी सुटी दिसतात. टीएए मागच्या फ्रेममधला माल मिसळून चित्र बनवतं, त्याला प्रत्येक फ्रेममध्ये जेवढे जास्त नमुने मिळतील तेवढं कमी पुसतं, म्हणून टीएएवाल्या गेममध्ये रिझोल्यूशनचा फायदा कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त वाटतो.

आता खरा विषय, डीएलएसएस, म्हणजे गेम आतून कमी रिझोल्यूशनला काढून एआयनं मोठा करून दाखवायची एनव्हिडियाची सोय; क्वालिटी, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स असे तिचे मोड, पुढचा मोड घ्यावा तसं आतलं रिझोल्यूशन कमी. १४४० मॉनिटरवर क्वालिटी मोड लावला तर आतून गेम १७०७×९६० ला चालतो, म्हणजे १६ लाख ३८ हजार पिक्सेल, हे तर साध्या १०८० पेक्षा पण कमी! वर डीएलएसएसचं स्वतःचं एखाद-दोन मिलिसेकंद काम. म्हणजे फ्रेमच्या हिशोबात मी परत १०८० ला आल्यासारखाच आहे, आणि चित्र? ह्याच्यासाठी धाकट्या भावाला बसवलं, त्यानं मला न दाखवता नेटिव्ह (डीएलएसएस न लावता पूर्ण) १४४० आणि डीएलएसएस क्वालिटी आलटून पालटून लावायचं आणि मी ओळखायचं. एफपीएस दोन्हीकडं चाळीसवर बांधून ठेवले, नाहीतर चित्राकडं न बघता नुसत्या गुळगुळीतपणावरून ओळखता येतं आणि मग टेस्टला अर्थच राहत नाही. उभं राहून बघितलं तर सायबरपंकमधल्या विजेच्या तारा आणि लांबच्या जाळ्या बघून मी बऱ्यापैकी ओळखत होतो, त्यात गंमत अशी की तारा डीएलएसएसमध्ये जास्त सलग दिसत होत्या. गाडी चालवायला लागलो की ओळखणं बंद. फक्त पळत्या गाडीच्या मागच्या लाइटमागं हलकी शेपटी दिसली की कळायचं. २०२५ च्या जानेवारीत डीएलएसएसचं जे नवीन ट्रान्सफॉर्मर मॉडेल आलं ते आपल्या जुन्या आरटीएक्सवर पण चालतं, त्यात ही शेपटी बरीच कमी झाली, पण ३०६० सारख्या कार्डावर ते जुन्यापेक्षा जड जातं, तेव्हा ज्यांच्याकडं फ्रेम आधीच काठावर आहेत त्यांनी मोजून घ्या.

गाडी चालवताना ओळखता का येत नव्हतं ह्याच्यावर बरेच दिवस डोकं चाललं आणि आता मला वाटतं हाच सगळ्याचा गाभा आहे. एलसीडीवर एक फ्रेम पुढची येईपर्यंत जागेवर थांबून राहते, डोळा मात्र हलत्या वस्तूमागं सरकत असतो, त्यामुळं ती वस्तू डोळ्यात पुसली जाते. एखादी गोष्ट दोन सेकंदात स्क्रीनच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जात असेल तर १०८० वर ती सेकंदाला ९६० पिक्सेल सरकते, ६० एफपीएसला म्हणजे एका फ्रेममागं १६ पिक्सेलचा पट्टा पुसला जातो. १४४० वर तोच पट्टा २१ पिक्सेलचा, ४के वर ३२ चा. रुंदी तीच, फक्त त्यात जास्त पिक्सेल वाया. १२० एफपीएस केले की पट्टा अर्धा होतो, रिझोल्यूशन कुठलंही असो. म्हणजे हलत्या चित्रात बारकावा वाढवायचा तर तो फ्रेम वाढवूनच वाढतो, पिक्सेल वाढवून फक्त थांबलेलं चित्र सुधारतं. काउंटर-स्ट्राइकचे कितीतरी प्रो खेळाडू आजही १२८०×९६० वर ताणून खेळतात ते उगीच नाही, आणि घोड्यावरून डोंगर बघत फिरणाऱ्यानं १४४० साठी चाळीस-पन्नास फ्रेम चालवून घेतल्या तर तो पण उगीच नाही.

जुळे सोलापूरच्या मित्राकडं २७ इंची ४के आणि आरटीएक्स ४०७० आहे. त्याच्याकडं जाऊन बघितलं. तो म्हणतो, "का बे, एकदा ४के बघितल्यावर खाली येऊ वाटत नाय." बरोबर आहे त्याचं, फोटो मोडमध्ये आणि नकाशातली अक्षरं वाचताना माझा मॉनिटर त्याच्यापुढं फिका दिसतो. पण तो सायबरपंक खेळतो डीएलएसएस परफॉर्मन्सवर, म्हणजे आतून १०८०पी, आणि तरी त्याला साठ टिकवायला सेटिंग बघावी लागते. ४के ला चित्र मोठं करायचं काम पण जास्त, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) पण जास्त लागते. एक मुद्दा मात्र त्याचा शंभर टक्के मान्य: ४के वर १०८० लावलं तर एका पिक्सेलचे बरोबर चार होतात, इंटिजर स्केलिंग चालू केलं की स्वच्छ दिसतं, माझ्याकडं १४४० वर १०८० लावलं की एकाचे एक पूर्णांक तीन-तीन होतात आणि सगळं मऊ पडतं. त्यामुळं १४४० वाल्यांनी मॉनिटरचं रिझोल्यूशन कमी करूच नका, ते १४४० च ठेवा आणि गेमच्या आतला रेंडर स्केल किंवा डीएलएसएस, एफएसआर (एएमडीची तशीच सोय) खाली आणा, म्हणजे निदान अक्षरं आणि क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) टोकदार राहतात.

आता आपल्या गावाची अडचण. एप्रिल-मे मध्ये इथं पारा ४२-४३ च्या वर जातो, माझी खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला. एअर कूल्ड कार्ड खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत जे कार्ड ६२-६४ अंशावर निवांत असतं तेच मे मध्ये पंधरा-एक अंश वर बसतं, आणि ८३ च्या आसपास कार्ड स्वतःच क्लॉक (चालायचा वेग) उतरवायला लागतं. १०८० ला फ्रेम बांधल्या की कार्डाला मध्ये मध्ये श्वास मिळायचा, नेटिव्ह १४४० ला ते सतत भरून चालतं, ३०६० ची पूर्ण १७० वॅट, आणि ती सगळी उष्णता परत त्याच खोलीत. तेव्हा रिझोल्यूशनची किंमत नुसती फ्रेममध्ये नाही, इथं ती घामात पण मोजावी लागते. मी आफ्टरबर्नर ह्या कार्ड सेट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजचा कर्व्ह उतरवला, ८५० मिलिव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झच्या आसपास, तीस-चाळीस वॅट वाचल्या आणि फ्रेम एखाद-दुसरी गेली. प्रत्येक कार्ड वेगळं, माझे आकडे तसेच टाकू नका, थोडं थोडं उतरवत टेस्ट करा. आणि पाण्याचा कूलर लावत असाल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका, ओल आणि धूळ एकत्र आली की फॅनवर चिकटून बसते.

सध्या असं चाललंय: रेड डेड १४४० डीएलएसएस क्वालिटी, ६० वर बांधून. सायबरपंक पण क्वालिटी, दुपारी बॅलन्स्ड. व्हॅलोरंट नेटिव्ह १४४०, १६० वर कॅप. जुने गेम, सॅन अँड्रियाससारखे, डीएसआरनं ४के पर्यंत नेतो, तिथं कार्डाला पत्ता पण लागत नाही, फक्त काही गेमात एचयूडी (स्क्रीनवरची नकाशा, आकडे वगैरे माहिती) मुंगीएवढा होतो.

पुढचं काम व्हीरॅमचं. माझ्याकडं बारा जीबी असल्यामुळं १४४० ला टेक्श्चर अल्ट्रा ठेवून पण अडखळत नाही, पण आठ जीबीवाल्यांचं काय होतं ते मला माझ्या कार्डावर बघता येत नाही. कुणाकडं ४०६० किंवा आरएक्स ६६०० असेल तर सायबरपंक आणि रेड डेड हे दोन गेम १४४० वर टेक्श्चर हाय आणि अल्ट्रा अशा दोन्हीवर अर्धा-अर्धा तास खेळून फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) ग्राफ पाठवा, सरासरी एफपीएस नको, एक टक्का लो (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस) आणि ग्राफच हवा, आणि खोलीचं तापमान सोबत लिहा.