तिन्ही मतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मॉरिशसहून पुण्यात शिकायला आले तेव्हापासून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, रिक्षात विचारला गेलाय, रत्नागिरीकडे मूळ गाव शोधत गेले तेव्हा एका कचेरीत कागद चाळता चाळता विचारला गेलाय. "मॉरिशस म्हणजे एवढंसं बेट. मेट्रोला पैसा आमचा, सुप्रीम कोर्टाची इमारत आमच्या पैशानं, पेट्रोल इतकी वर्षं मंगळुरूहून गेलं. मग तुमचं स्वातंत्र्य कसलं हो?" विचारणारा हसत असतो. मीही हसते, आणि घरी येऊन चिडते.

मेट्रोत अनुदान होतं तसं कर्जही होतं, आणि कर्ज फेडावं लागतं. शिवाय पैसा काही एकाच दिशेनं जात नव्हता. भारताशी 1982 साली झालेल्या करकरारामुळे तुमच्या शेअर बाजारात येणारा कितीतरी पैसा पोर्ट लुईसचा, म्हणजे आमच्या राजधानीचा, पत्ता लावून यायचा. 2016 साली दिल्लीनं तो करार बदलून घेतला, तेव्हा आमच्याकडच्या हिशेबनिसांची झोप उडाली. हे सांगताना मी तुमचाच मुद्दा पक्का करते आहे, ते कळतंय मला.

पण खरं सांगायचं तर हा प्रश्न तुम्ही पहिल्यांदा विचारलेला नाही. आमच्या घरात तो आधीच विचारून झाला होता, आणि विचारणारी मी होते.

12 मार्च 1992. देश प्रजासत्ताक झाला तो दिवस. मी सोळा वर्षांची. गावातल्या मराठी मंडळीच्या सभागृहात मराठीत भाषण करायला मला उभं केलं होतं. भाषण मी स्वतः लिहिलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. ऑगस्ट 1967 ची, स्वातंत्र्य हवं की नको हे ठरवणारी निवडणूक, स्वातंत्र्यवाल्यांना 39 जागा, दुवालच्या पक्षाला 23, सगळं तोंडपाठ. दुवालला स्वातंत्र्य नको होतं, ब्रिटनशी बांधून राहायचं होतं. त्याच्या लोकांच्या मिरवणुकांत 'मालबार नू पा उले', म्हणजे हे हिंदुस्थानी आम्हाला नकोत, असं ओरडायचे, ते आमच्याकडे घरोघरी सांगतात. तर मी आवाज चढवून म्हणाले, "शेकडा चव्वेचाळीस लोकांनी त्या दिवशी गुलामीला मत दिलं!" टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत आजा बसला होता, मांडीवर हॅट ठेवून. तो टाळ्या वाजवत नव्हता, पण त्याचे हात उसाच्या कामानं आखडलेले होते, म्हणून मला काही वाटलं नाही.

रात्री जेवण झाल्यावर त्यानं आपलं ताट स्वतः धुतलं. असं तो कधी करत नसे. मग दारात उभा राहून म्हणाला, "बाय, त्या चव्वेचाळिसांत मी होतो. तिन्ही मतं."

आमच्याकडे एका मतदारसंघातून तीन उमेदवार निवडायचे असतात. एखादं मत चुकून इकडे, एखादं तिकडे, असं म्हणायचीही सोय त्यानं ठेवली नाही. आजी तिथेच बसली होती. पंचवीस वर्षं तिलाही माहीत नव्हतं. गावातल्या झाकरीच्या गाण्यांना बसणारा, गणपतीला सगळ्यांच्या आधी हजर असणारा माणूस, आणि मत त्या पक्षाला! आजी काही बोलली नाही, मी बोलले. "लाज नाही वाटली?" असं बोलले. तो म्हणाला, "घरात सात पोरं होती. साखर इंग्रज घेत होता, ठरल्या भावानं. उद्या नाय म्हणाला असता तर?"

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही असं नाही. जेव, झोप, छत्री घे, एवढं बोलायचा. दोन वर्षांनी गेला. मी माफी मागितली नव्हती, कारण मी बरोबर आहे असंच मला वाटत होतं.

बरोबर होतेही. देश निर्यात करायचा त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त साखर, हे खरं. 1961 साली जेम्स मीड हे अर्थशास्त्रज्ञ लिहून गेले होते की या बेटाची शांततेत प्रगती होण्याची आशा कमीच, हेही खरं. पण 1970 पासून कापडाचे कारखाने आले, आणि 1975 साली युरोपनं दरवर्षी जवळपास पाच लाख टन साखर ठरल्या भावानं घ्यायचं मान्य केलं. आजाची भीती खोटी ठरली. हे मी त्याला कितीदा ऐकवलं होतं!

मग 2006 पासून युरोपनं तो भाव चार वर्षांत 36 टक्क्यांनी उतरवला आणि 2009 साली करारच संपवला. बाबा ज्या कारखान्यात होते तो बंद झाला. त्यांना भरपाई मिळाली, घरापुरती जमीन मिळाली, उपाशी कुणी राहिलं नाही. पण ला-कुपच्या, म्हणजे ऊसतोडीच्या दिवसांत पहाटे भोंगा वाजायचा, तो थांबला. बाबा तरी त्याच वेळी उठून बसायचे. एकदा चहा पिताना म्हणाले, "आजा हेच सांगत होता." मला राग आला. निर्णय ब्रसेल्सला झाला, त्यात आपल्या स्वातंत्र्याचा काय दोष? पण मग ते स्वातंत्र्य त्या दिवशी होतं कुठे, हेही मला सांगता येईना.

सव्वादोनशे किलोमीटरवर रेयुनियों आहे. तसाच ऊस, तशीच काळी दगडी जमीन. ते 1946 पासून फ्रान्सचा जिल्हा आहेत. रस्ते गुळगुळीत, पगार युरोत, उसाला अजून सरकारी आधार. मी गेले होते. तिथली एक बाई म्हणाली, "आमची पोरं नोकरी नाही म्हणून पॅरिसला जातात, आणि तुम्ही आम्हाला सुखी समजता." आजानं रेयुनियों पाहिलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे. बहुधा उसाचा भाव विचारला असता.

आणि चागोस. 1965 साली, स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना, इंग्रजांनी ती बेटं आमच्यापासून तोडली, तीस लाख पौंड हातावर ठेवले. आमच्या नेत्यांनी मान तुकवली. तिथल्या नारळबागांतली माणसं पुढं बोटीत घालून हलवली, त्यातल्या डिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ झाला. माझ्या त्या भाषणात यातलं एक वाक्य नव्हतं. गुलामीचा आरोप मी आजावर केला, सह्या करणाऱ्यांवर नाही. आता 2024 साली आमच्याच अगालेगा बेटांवर भारतानं धावपट्टी बांधून दिली. लष्करी तळ नाही असं आमचं सरकार म्हणतं. मी ऐकते.

भाषणाचा कागद अजून माझ्याकडे आहे. 'गुलामीला मत दिलं' यातला 'गुलामी' मी मागेच खोडला. त्या जागी 'भीती' लिहून पाहिलं, पण आजा भित्रा नव्हता. भित्र्यानं त्या रात्री तोंड उघडलं नसतं. मग 'हिशेब' लिहिलं. तेव्हा त्या मिरवणुकांतल्या घोषणा आठवल्या. त्या त्यानंही ऐकल्याच असतील की. तोही शब्द खोडला.