लोकलमध्ये फोन चोरीला गेला, त्यानंतर मी काय काय केलं

संध्याकाळच्या लोकलला गर्दीत चढले आणि दोन-तीन स्टेशनं गेल्यावर बघते तर पर्सची चेन उघडी, फोन गायब. शेजारच्या ताईंनी त्यांचा फोन दिला, रिंग मारली तर स्विच ऑफ. रडू येत होतं पण सगळ्यात आधी त्याच फोनवरून सिम कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावून सिम बंद करून घेतलं. हे आधी का, तर चोर स्क्रीन लॉक तोडत बसत नाही, सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये टाकतो आणि मग आपले सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. त्यामुळे फोनच्या किमतीपेक्षा मला बँकेतल्या पैशांची भीती जास्त होती. पाठोपाठ बँकेला सांगून यूपीआय, मोबाईल बँकिंग आणि कार्ड बंद केलं. (तोवर पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच कळवायचं, तिथे एकेक मिनिट महत्त्वाचं असतं.)

घरी लॅपटॉपवर गुगल लॉगिन होतंच, त्यातून फाइंड हब, म्हणजे पूर्वीचं फाइंड माय डिव्हाइस, उघडून फोन लॉक केला. डेटा इरेज करायचं मात्र थांबवलं, कारण एकदा इरेज झालं की लोकेशन दिसायचं बंद होतं. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, तिथेच फोनच्या माहितीत मिळाला, बॉक्सवर आणि बिलावरही असतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन आयएमईआय असतात, दोन्ही लिहून घ्या.

लोकलमधली चोरी म्हणजे तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे, आपण जीआरपी म्हणतो ते. आरपीएफ, म्हणजे रेल्वेचं सुरक्षा दल, वेगळं. मला तिथे सांगण्यात आलं की मॅडम गहाळ झाला म्हणून द्या, पटकन होईल. मी शांतपणे पण ठामपणे म्हटलं की चेन उघडून काढलाय, ही चोरी आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली एफआयआर घ्या. नक्की कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये चोरी झाली आणि हद्द कोणाची यावरही बराच वेळ गेला, पण हद्द कोणाचीही असो, झिरो एफआयआर घेता येतो आणि नंतर तो योग्य ठाण्याकडे पाठवतात, हे नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलेलं आहे. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती आपला हक्क आहे. कॉपी हातात आल्यावर तिथेच उभं राहून आयएमईआयचे पंधराच्या पंधरा आकडे जुळवून बघितले, एक आकडा चुकला तरी पुढचं सगळं अडतं.

मग त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घेतलं. आता हे कोणी आधी सांगत नाही, नवीन सिम चालू झालं तरी पहिले 24 तास एसएमएस येत-जात नाहीत, फसवणूक होऊ नये म्हणून तसा नियम आहे. म्हणजे ओटीपी नाही, यूपीआय परत सुरू करता येत नाही, तर हातात थोडी कॅश ठेवा.

एसएमएस सुरू झाल्यावर संचार साथी या सरकारी पोर्टलवर, त्यातल्या सीईआयआरमध्ये, म्हणजे चोरीचे फोन आयएमईआयवरून ब्लॉक करायच्या यंत्रणेत, फोन ब्लॉक करायची रिक्वेस्ट टाकली. ही सोय 2019 ला मुंबईतच प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि मे 2023 पासून देशभर आहे. एफआयआरची कॉपी, ओळखपत्र, बिल, दोन्ही आयएमईआय आणि चालू नंबर लागतो, ओटीपी टाकला की रिक्वेस्ट आयडी मिळतो. तो जपून ठेवा! ब्लॉक झालेला फोन देशातल्या कुठल्याच कंपनीच्या सिमवर चालत नाही, आणि कोणी त्यात सिम टाकलंच तर माहिती पोलिसांपर्यंत जाते. म्हणून मी प्रत्येकाला कळकळीने सांगते, फोन स्वस्तातला असला तरी हे कराच, चोरीचे फोन विकलेच गेले नाहीत तर चोरायचं कशाला?

मधेच नवीन सिमवर मेसेज आला, तुमचा फोन सापडलाय, लिंकवर जाऊन लॉगिन करा. क्षणभर खूप आनंद झाला, पण लिंक गुगलची नव्हती. पासवर्ड काढून घेऊन फोनचं लॉक उघडायचा हा प्रकार आहे, अजिबात क्लिक करू नका, पोलीस असं लिंकवर लॉगिन करायला सांगत नाहीत.

काही महिन्यांनी खरंच ठाण्यातून फोन आला, हँडसेट ट्रेस होऊन जप्त झाला होता. एफआयआर असल्यामुळे तो मुद्देमाल होता, तपास करणाऱ्या हवालदारदादांनी समजावून सांगितलं तसा कोर्टात अर्ज केला, बिल आणि आधार दाखवलं, आदेश मिळाल्यावर फोन ताब्यात आला. त्या दादांचे मनापासून आभार. पण सिम टाकलं तर नेटवर्क नाही, कारण ब्लॉक अजून तसाच होता. संचार साथीवर परत जाऊन तोच रिक्वेस्ट आयडी टाकून अनब्लॉकची रिक्वेस्ट दिली, तेव्हा कुठे रेंज आली.