तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या वजनाला कुठली सायकल?

"ताई, तुमच्यासारख्या वजनाच्या माणसाने नवीन शिकताना कुठली सायकल घ्यावी?" रत्नागिरीत भाट्याच्या पुलावर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याला कंपनीचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही, तेव्हा मी काहीतरी राखून ठेवतेय असं त्यांना वाटतं. तसं काही नाही. मॉडेलं दरवर्षी बदलतात, आणि तुमचा भार शेवटी मागच्या चाकावर येतो. ते चाक तारांनी कसं बांधलंय ते बघा, हेच मी सांगत आलेय आणि तेच कुणाला ऐकायचं नसतं.

माझं वजन १०८ किलो आहे. विचारणारे मनात आकडा लावतच असतात, म्हणून लिहून टाकलं. त्यानंतरचा प्रश्नही माहीत आहे: सायकलने किती उतरलं? फार नाही. मी त्यासाठी घेतलीच नव्हती. मला सकाळी पुलावरून खाडी ओलांडायची होती, आणि गाडीच्या काचेआडून नको होती. एवढं कारण पुरेसं का वाटत नाही लोकांना?

पहिली सायकल मी दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतली. २१ गिअर, पुढे शॉकॲब्जॉर्बर, खाली स्प्रिंगा लावलेली रुंद सीट. "मॅडम, तुम्हाला हीच बरी, आरामदायी." त्याने माझं वजन विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोघेही संकोचलो. सायकलीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत भाराची मर्यादा छापलेली असते. ती बहुतेक वेळा माणूस आणि सामान मिळून असते, कधी सायकलीचं वजनही त्यातच धरलेलं असतं. ते पान आम्ही दोघांनीही उघडलं नाही.

आता आरे-वारेची, म्हणजे रत्नागिरी-गणपतीपुळे रस्त्यावरच्या त्या दोन किनाऱ्यांपाशी घडलेली गोष्ट. हीच सगळ्यांना अर्धवट ठाऊक आहे, आणि अर्धवट सांगितली की ती माझ्या वजनाची गोष्ट होते.

गणपतीपुळ्याहून परत येत होते. नेवरं मागे पडलं, वारे ओलांडलं आणि चढ सुरू झाला. ज्या वळणावरून दोन्ही किनारे एकदम दिसतात, तिथे पर्यटकांच्या गाड्या उभ्या असतात. त्यांच्या जरा अलीकडे मागून 'टण्ण' असा आवाज आला. खडा उडाला असेल म्हणून तशीच पुढे गेले. मग चाक दर फेऱ्याला ब्रेकला घासायला लागलं. उतरून बघितलं तर चेनच्या बाजूची एक तार हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, तुटून लोंबत होती आणि रीम वेडीवाकडी डुलत होती. त्या बाजूची तार बदलायची तर आधी फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दात्यांचा गठ्ठा, काढावं लागतं, त्याला वेगळा पाना लागतो. रस्त्यात काही करण्यासारखं नव्हतं. चाक फिरावं म्हणून मागचा ब्रेक सोडवला. म्हणजे पुढच्या उतारावर मागचा ब्रेकच नाही, तेव्हा चालत निघाले. गाडीपाशी उभ्या असलेल्या एका मुलाने मोबाईल वर केला. मी मान वळवली नाही. उतार संपल्यावर पुन्हा बसून बघितलं, आणि लगेच दुसरी तार गेली.

मासळीचा रिकामा टेम्पो थांबला. "टाका मागे, बाय." बर्फाचं पाणी निथळत होतं त्या फळीवर सायकल आडवी घातली आणि मी पुढे बसले. शिरगावपर्यंत ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही. त्याचे मी आजही आभार मानते.

जिथून घेतली त्या दुकानात दुसऱ्या दिवशी नेली. मालकाने चाकाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "सायकलीला काही झालेलं नाही. लोड जास्त आहे. जरा वजन उतरवा, मग टिकेल." काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्याने दोन तारा घातल्या, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, पैसे घेतले. मी दिले. थोड्याच दिवसांत तिसरी तुटली, मग चौथी. त्या काळात मी मनाशी घोकत होते की हा माणूस बरोबर बोलला. सायकल घरामागच्या पडवीत टेकवून ठेवली आणि कुणी विचारलं तर "गुडघा दुखतोय" असं सांगू लागले.

ती बाहेर आली चाचांमुळे. खाली बाजारात पाववाल्यांच्या आणि बंदरावरच्या पोरांच्या सायकली दुरुस्त करतात ते. सायकल विकून टाकू का, एवढंच विचारायला गेले होते. त्यांनी चाक उलटं ठेवलं आणि अंगठा-तर्जनीने दोन-दोन तारा एकत्र दाबत पूर्ण फेरा केला. मग मला म्हणाले, "हात लाव इथे." एक जोडी ताठ, पुढची बोटाला सहज वाकणारी, तिसरी पुन्हा ताठ. तुटलेला तुकडा दाखवला. हबच्या भोकात तार जिथे वळते, बरोबर तिथेच तुटली होती. "तार वजनानं तुटत नाय, बाय. ढिली राहिली म्हणून तुटते."

मी ते नंतर नीट समजून घेतलं. चाक फिरताना जमिनीकडची तार क्षणभर सैल होते आणि वर जाताना पुन्हा ताणली जाते. मुळातच ढिली असेल तर वळणापाशी दर फेऱ्याला हलते. हातातली तार मागे-पुढे वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तसंच. भार जास्त असला की हे लवकर होतं, हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण घट्ट आणि सारख्या ताणाने बांधलेलं चाक तोच भार वर्षानुवर्षं वाहतं. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो. तसे दोन लटकवून माणूस काळ्या सायकलवरून जातो, तेव्हा त्याला कुणी वजन उतरव म्हणत नाही. त्या जुन्या धाटणीच्या सायकलीच्या मागच्या चाकाला ४० तारा असतात, पुढच्याला ३२.

चाचांनी ३६ तारांसाठी भोकं असलेली, दुहेरी भिंतीची (दोन थरांची, मध्ये पोकळ) रीम आणि स्टेनलेसच्या तारा घालून मागचं चाक नव्याने बांधलं. काही दिवस चालवून परत आण म्हणाले, आणि पुन्हा एकदा ताण सारखा करून दिला. त्यानंतर तार तुटलेली नाही.

मग सगळ्यांनी काळी सायकलच घ्यावी का? असं मी काही काळ ठासून सांगत होते. अलिबागहून आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा एवढंच फिरायचं असेल तर आजही सांगेन, सपाट रस्ता आहे. पण रत्नागिरीत पूल ओलांडला की घाटी, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढायचं, पुन्हा खाडीला उतरायचं. तिथे एका गिअरवर नवशिक्याची छाती भरून येते. शिवाय पावसात लोखंडी रीम भिजली की दांड्याचे ब्रेक नावालाच उरतात. जड माणसाला उतारावर थांबायला जास्त ताकद लागते. डिस्क ब्रेक घ्या, साधे केबलने ओढले जाणारे चालतील. आपल्याकडचा लाल चिखल ब्रेकचं रबर भराभर खातो.

गिअर किती, हा प्रश्नच चुकीचा आहे. सगळ्यात हलका गिअर कुठला ते विचारा. पुढचं लहान चक्र २८ दात्यांचं आणि मागचं मोठं ३४ दात्यांचं असेल, तर पायडलचा पूर्ण फेरा मारला तरी चाक एक फेरा पूर्ण करत नाही. चढावर तेच हवं. मागे आट्यांनी हबवर चढवलेलं फ्रीव्हील आहे की हबच्याच भागावर दाते सरकवलेली कॅसेट, हेही विचारा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे बेअरिंगचे छर्रे आत बसतात, ॲक्सलचं, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचं, टोक आधाराविना राहतं आणि जड माणसाखाली ते वाकतं. कॅसेटच्या हबला आधार टोकाजवळ मिळतो.

शॉकॲब्जॉर्बर नको. स्वस्तातला आपल्या वजनाखाली तळाला टेकतो आणि खाऱ्या हवेत गंजून बसतो. त्याऐवजी ४० मिलिमीटरहून जास्त रुंदीचे टायर घ्या आणि हवा आठवड्याला बघा. हवा कमी असताना खड्डा लागला की ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. रुंद मऊ सीटवर मांड्या घासतात. बसण्याची दोन हाडं टेकतील एवढी रुंदी आणि जरा कडकपणा बरा. आणि ज्यांना पाय उचलून टाकायची भीती वाटते त्यांनी मधली नळी खाली असलेली सायकल बिनधास्त घ्यावी, पुरुषांनीसुद्धा. पडायच्या भीतीने सायकल सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

लोखंड की ॲल्युमिनियम, यावर माझं माझ्याशीच पटत नाही. आधी मी "लोखंडीच" म्हणायचे. आता माझ्या फ्रेमला पायडलच्या सांध्यापाशी गंजाचे फुगे आलेत. पण मैत्रिणीच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये सीटचा दांडा असा धरलाय की हातोडीनेही हलत नाही. दांड्याला ग्रीस लावून तो वर्षातून एकदा उपसायला हवा होता. समुद्र दोघांनाही सोडत नाही.

हल्ली धाकटी बहीण ई-सायकलबद्दल विचारते. तिचे गुडघे खरंच दुखतात. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर नोंदणी लागत नाही, हे तिने आधीच शोधून ठेवलंय. पण मोटर हबमध्ये असली तर तिचंही वजन त्याच चाकावर येतं. चाचा म्हणतात, मोटरवालं चाक मी उघडणार नाय. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी दुकानात जाणार आहोत. वजन तिच्या आधी मीच सांगेन, दोघींचं, आणि मागच्या चाकाच्या तारा दाबून बघेन.