कूलरचं पाणी झाडांना घालू नका

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकला की घरोघरी वापरलेलं पाणी बादलीत धरून बागेत ओतणं सुरू होतं. हेतू चांगलाच आहे. पण आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी मुळातच जड, म्हणजे क्षारांचं, त्यामुळे ते कुठून फिरून आलंय हे बघितल्याशिवाय झाडाला घालू नये. पाणी वाचतं आणि माती जाते.

सगळ्यात वाईट पाणी कूलरचं. उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. दिवसभरात ५० लिटर टाकलं आणि ४० लिटर उडालं, तर उरलेल्या १० लिटरमध्ये पाचपट क्षार. कुंडीतली तुळस याने कडेकडेने करपते आणि आपण उन्हाला दोष देतो. हे पाणी संडासात ओता. काहीजण बचत म्हणून कूलरची टाकी उपसतच नाहीत, तेही चुकीचं. जाळीवर पांढरी खपली धरते, हवा गार होत नाही आणि कूलर जास्त वेळ चालवावा लागतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी कराच, डासांच्या अळ्यांसाठीही.

एसीचं पाणी याच्या अगदी उलट. ते हवेतलं बाष्प असल्यामुळे क्षार जवळजवळ नाहीत. कुंड्यांना खुशाल घाला.

आरओचं वाया जाणारं पाणी मधलं. १ लिटर शुद्ध पाण्यामागे ३ लिटर बाहेर पडत असेल, तर ६०० टीडीएसचं (म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ८००च्या आसपास होतं. फरशी, गाडी, भांड्यांचा पहिला हात यांना ठीक. जमिनीतल्या मोठ्या झाडाला अधूनमधून चालेल, कुंडीला नको.

वॉशिंग मशीनचं पहिलं साबणाचं पाणी बागेत अजिबात नको. पावडरीतला सोडियम काळ्या मातीला चोपण करतो: माती आवळते, वर पाणी साचून राहतं, खाली जातच नाही. जिप्समने ती सुधारते, पण सुटलेला सोडियम खाली धुवून न्यायला पुन्हा भरपूर चांगलं पाणी लागतं, म्हणजे बचतीचा सगळा हिशेब उलटा. शेवटच्या खंगाळ्याचं पाणी वापरा, तेही जागा बदलत.

आता ठिबक. खान्देशात प्रत्येक तालुक्याच्या गावी याचं सामान मिळतं, तरी घरच्या बागेत ते फसतं, कारण दुकानदार शेताच्या हिशेबाने देतो. ड्रिपर म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणारी तोटी; त्यावरचे ‘ताशी ४ लिटर’सारखे आकडे १ किलो दाबाला, म्हणजे १० मीटर उंचीच्या पाण्याला धरलेले असतात. बागेपासून टाकी ४ मीटर उंच असेल तर दाब ०.४ किलो आणि तोच ड्रिपर ताशी अडीच लिटरच देतो. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारा) ड्रिपर तर इतक्या दाबाला नीट चालतच नाही, साधा घ्या. टाकीच्या व्हॉल्व्हनंतर पाऊण इंची जाळीचा फिल्टर, पुढे १६ मिलिमीटरची नळी, शेवटाला सहज निघणारी एंड कॅप. बस.

चालू केल्यावर एका ड्रिपरखाली पातेलं ठेवून १५ मिनिटांचं पाणी मोजा आणि चारने गुणा. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरमध्ये मोठा फरक आला तर नळी लांब झाली आहे किंवा फिल्टर भरला आहे. मेमध्ये पानांचा पसारा दीड मीटर असलेल्या लिंबाला दिवसाला १० ते १२ लिटर धरा. काळ्या मातीत एक दिवसाआड दुप्पट दिलं तरी चालतं; मुरमाड जागेत रोज थोडं. ड्रिपर खोडाला चिकटवू नका, खोड आणि पानांच्या पसाऱ्याची कड यांच्या मधोमध दोन्ही बाजूंना एकेक ठेवा. भेगा पडल्या असतील तर आधी वरची माती हलवून त्या बुजवा, नाहीतर पाणी भेगेतून सरळ खाली जातं.

ड्रिपर बंद पडतात तेही क्षारांनीच. तोंडावर पांढरा ठिपका दिसला की सुईने खुपसू नका, भोक मोठं होतं. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व टाकून रात्रभर भिजवा. शेतात ॲसिड सोडतात, तो प्रयोग घरी नको. महिन्यातून एकदा एंड कॅप काढून गाळ वाहू द्या. उघडी नळी खारी कुरतडतात, म्हणून आच्छादनाखाली दाबा. आच्छादनाला केळीची वाळलेली पानं किंवा भुईमुगाची टरफलं दोन-तीन इंच पुरे. खोडापासून चार बोटं दूर, नाहीतर वाळवी चढते.

पावसाळ्याची तयारी मात्र मे संपायच्या आत. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे साडेसातशे लिटर पाणी हाती येतं. पहिल्या सरीची धूळ वाहून गेली की पन्हाळीखाली कुंड्या आणून ठेवा आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी तळातून निथळू द्या; उन्हाळाभर साचलेले क्षार त्यानेच निघतात. खालच्या ताटल्या तेवढ्या काढून घ्या, नाहीतर निथळलेलं खारं पाणी माती परत वर ओढून घेते.